थंडीची नळी

परवा नातवाचा घोटा मैदानावर मुरगळला. त्याच्या प्रशिक्षकानं पिशवीतून एक डबा काढला आणि फुस्सकन थंड फवारा मारला. तो वास माझ्या नाकापर्यंत आला आणि माझं जे डोकं फिरलं ते फिरलंच. मी उठून त्या बिचाऱ्याच्या हातातून डबा ओढून घेतला, चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, आणि आसपास कोणी सिगरेट तर ओढत नाही ना, तेही बघून आले. सून म्हणाली, "आई, अहो काय हे, लोक बघतायत." बघू देत. उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं मी, पण ही धास्ती पुस्तकातून आलेली नाही. खरं सांगायचं तर ती धास्तीही नाही, राग आहे. इतकी वर्षं झाली, तो निवला नाही, आणि निववायची मला हौसही नाही.

बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. गावाचं नाव लिहीत नाही. शिरपूरच्या यष्टीनं जाताना लागतं, एवढं पुरे. तेव्हा आमचा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यातच मोडायचं, आणि अकोल्याच्या साहेबलोकांना आमचं गाव नकाशात हुडकावं लागत असेल. डॉक्टर तालुक्याहून बाजाराच्या दिवशी यायचे. बाकी सगळे दिवस दवाखाना म्हणजे बाबा. दवाखान्याच्या मागं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. सकाळी पुढं एका स्टोव्हवर सुया-चिमटे उकळत खडखडायचे आणि मागं चुलीपाशी माय भाकरी थापायची, दोन्ही आवाज एकदमच कानावर यायचे. भाकरीच्या खरपूस वासात फिनाईलचा वास मिसळलेला असायचा. अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, तेल नसलं तर नुसतं तिखट-मीठ. मायच्या हाताला चव होती आणि तोंडाला त्याहून जास्त. कोणी ऐकत नसलं तरी ती बोलत असायची, भांड्यांशी, शेळीशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी.

बाबांची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे इथिल क्लोराईडची नळी. जाड काचेची, वीतभर लांब, तोंडाला पितळी टोपण आणि टोपणाला खटका. आत पाण्यासारखं स्वच्छ द्रव. नळी उलटी धरून खटका दाबला की हाताच्या उबेनंच ते आतून उसळायचं आणि सुईसारखी बारीक धार सुटायची. कातडीवर पडता पडताच उडून जायची आणि जाताना कातडीतली ऊब घेऊन जायची. बघता बघता तेवढी जागा पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची, की डॉक्टरांनी चीर द्यायची. गळू असो, नखुरडं असो, टाचेत मोडलेला बाभळीचा काटा असो. आमच्या गावानं बर्फ पाहिलेला तो बाजारातल्या गोळेवाल्याकडे. काचेतून थंडी निघते हा लोकांना चमत्कारच वाटायचा. थंडीची नळी, असंच तिचं नाव पडलं होतं.

हे द्रव बारा अंशाला उकळतं. आमच्याकडं बारा अंश म्हणजे पौषातली एखादी पहाट. म्हणजे एरवी ते बारा महिने उकळायला टपलेलं, काचेनं दाबून धरलंय म्हणून गप्प. उन्हानं नळी फुटू नये म्हणून बाबा ती आमच्या घरातल्या रांजणाखाली, ओल्या रेतीत पुरून ठेवायचे. त्यावरून मायचं रोजचं भांडण. "पेयाच्या पान्यापाशी जहर ठेवता. उद्या पोट्टी मेली तं कोनाले दाखवू?" बाबा शांतपणे म्हणायचे, "जहर नाही थे. थंडी हाय." मग माय रांजणाला ऐकवायची, "आयकलं का बाप्पा, थंडी हाय म्हने!"

ही नळी कातडीपासून हातभर अंतरावर धरावी लागते. जवळ धरली तर कातडी करपते. लांब धरली तर धार पोचायच्या आधीच हवेत उडून जाते. हातभर, ना कमी ना जास्त. आणि इथंच माझं आणि बाबांचं वाजायचं. कारण गावातल्या बड्या घरांना ही नळी आवडायची ती थंडीसाठी नव्हे, त्या हातभर अंतरासाठी. बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते. मेडशीकडच्या आमच्या मूळ गावात आमच्या लोकांनी घरातले देव गाठोड्यात बांधून डोहात सोडले होते, आणि ही बातमी बाबांची बदली व्हायच्या आधीच या गावात पोचली होती. औषधाची बाटली बाबांनी पायरीवर ठेवायची आणि मागं सरायचं. पट्टी बांधायची वेळ आली की, "इकडं टाक, माहा पोरगा बांधीन." पण थंडीच्या नळीला कोणाची ना नव्हती. "कंपोंडर, दुरूनच मार बरं," असं हसत हसत सांगून लोक मान पुढं करायचे.

एकदा जेवताना मी बोललेच. "बाबा, तुमाले थे नळी काहून आवडते, मले मालूम हाय. थे लोकं तुमाले दूर ठेवतात आन् तुमी म्हनता, दवाईची रीतच हाय." बाबांचा हात ताटात थांबला. "रीतच हाय. दुरूनच मारा लागते. पुस्तकात लिहेल हाय." मी म्हटलं, "पुस्तक त्यायच्या सोयीनं वाचता तुमी." त्यांनी ताट सारलं आणि उठून गेले. माय माझ्यावर उखडली, "जेवू तं दे मानसाले, मंग कर तुहा भाषन!" तिला मुद्दा पटला नव्हता असं नाही. पण अर्धी भाकर ताटात राहिली होती, आणि ते तिला सहन होत नव्हतं.

मी तेव्हा वाशीमच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. आमचे रसायनशास्त्राचे सर डोळे मिटून नोट्स सांगायचे, एका सुरात, पाळण्याचं गाणं म्हटल्यासारखे. अल्किल हॅलाइड्स आली तेव्हा मी सावरून बसले, कारण पहिल्याच पानावर आमच्या रांजणाखालची नळी होती. रंगहीन. गोडसर वास. पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. सोडियम हायड्रॉक्साईडच्या पाण्याबरोबर तापवला तर अल्कोहोल होतो. वाफ हवेपेक्षा जड. ज्वालाग्राही, हिरव्या कडेच्या ज्योतीनं जळतो. मी सगळं घोकून टाकलं, बाबांना जाऊन सांगायचं म्हणून. ते सांगायला मी गेले खरी, पण हिवताप घेऊन गेले. नवरात्र बसायच्या सुमारास बाबा वाशीमला येऊन मला घेऊन आले. तोंड कडू, कानात कुईं आवाज, आणि मायची पेज. मला तेव्हा कोणी नुसतं "कसं हाय?" विचारलं तरी भांडावंसं वाटायचं.

आता नानाजी. हा रिटायर हेडमास्तर, सरपंचाचा थोरला भाऊ, आणि त्याचा साला आमच्या कॉलेजच्या मंडळावर. गाव त्याला 'ते' म्हणतं. मी म्हणणार नाही. माझ्या पन्नाशीच्या बापाला तो भर रस्त्यात "अबे गोविंदा" म्हणून हाक मारायचा, मग मीच कायले मान राखू? त्याला मानेवर, केसांच्या खाली, लिंबाएवढं गळू झालं होतं. ठसठसत होतं, ताप होता. पण तो घटी बसलेला. म्हणजे नऊ दिवस घटासमोर बसायचं, तिथंच जमिनीवर सतरंजी टाकून निजायचं, खोली सोडायची नाही आणि देवीपुढचा दिवा विझू द्यायचा नाही. त्यामुळं त्यानं दवाखान्यात यायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांना निरोप गेला आणि डॉक्टर, त्याच्या नावानंच अर्धे होणारे, जीप काढून हजर झाले. दवाखान्याचा शिपाई जत्रेला गेलेला. नळी ओल्या फडक्यात गुंडाळून बाबांनी घेतली, आणि उकळलेल्या हत्यारांचा ट्रे मी.

त्या खोलीत पाय न ठेवताच गुदमरायला झालं. दिव्याला वारा लागू नये म्हणून दोन्ही खिडक्या घट्ट बंद. कोपऱ्यात मातीवर घट, वर लोंबत्या फुलांच्या माळा, आणि पुढं जमिनीवरच ठेवलेला तो दिवा, संथ जळत असलेला. त्याच्यापासून दोन-अडीच हातांवर सतरंजीवर नानाजी पालथा. डॉक्टर चपला काढून आत गेले, ट्रे त्यांनीच माझ्या हातून घेतला. बाबांनी चपला काढल्या तसा नानाजीचा मुलगा उंबऱ्यात आडवा आला. "तू तितूनच, गोविंदा. आत घट बसेल हाय." बाबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. तिथून ती मान चांगली तीन हात लांब होती. हातभर पाहिजे अंतर, आणि हे तीन हात.

मी एकदा त्या अंतराकडं पाहिलं, एकदा बंद खिडक्यांकडं, आणि मग दिव्याकडं. सरांचा तो पाळण्याचा सूर कानात सुरू झाला. वाफ हवेपेक्षा जड. ज्वालाग्राही. माझ्या तोंडून मोठ्यानंच निघालं, "डॉक्टर साहेब, दिवा हाय तिथं. दिवा विझवा, नाहीतं यायले आंगनात घ्या. हे दवाई पेट घेते."

नानाजीनं तशा दुखऱ्या मानेनंही डोकं उचललं. "काय म्हनली थे पोट्टी?"

"दिवा विझवा म्हनते," मुलगा म्हणाला.

"सोताचे देव डोहात बुडवले, आता आमचा दिवा विझवाले आले!" नानाजी ओरडला. "अबे गोविंदा, हे शिकवतं काय तू घरात?"

डॉक्टरांनी बाबांकडं पाहिलं. "काय हो कंपाउंडर, दिव्याचं काही होतं का खरंच?"

आता हे मला नीट लिहायचंय. बाबांना माहीत होतं. नळीच्या खोक्यावर तांबड्या अक्षरात छापलेलं होतं. दवाखान्यात कोणी बिडी पेटवली की नळी काढायच्या आधी बाबा त्याला बाहेर काढायचे. तिथं ज्या शांतपणे ते सांगायचे, त्याच शांतपणे त्यांनी इथंही सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाच्या लोकांनी देव बुडवले त्यानं पाटीलगल्लीत जाऊन देवीचा दिवा विझवा म्हणायचं, हे शब्द त्या गावात बाबांच्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "काही नाही साहेब. पोरगी तापातून उठेल हाय. सुमे, भायेर जाय."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. आतून खटक्याचा आवाज आला, मग धारेचा सुर्रर्र. डॉक्टर म्हणाले, "पांढरं नाही पडलं. अजून मारा." पुन्हा सुर्रर्र. "लागूनच नाही राह्यलं काही!" नानाजी करवादला. कसं लागणार? तीन हातांत धारेची वाफ होत होती आणि ती वाफ थंडगार, जड, न दिसणारी, सतरंजीवरून जमिनीवर उतरत होती. "मार ना बे, कंजुषी कायले करतं!" बाबा मारत राहिले. जवळजवळ अख्खी नळी त्यांनी त्या बंद खोलीत रिकामी केली असेल.

भप्प असा आवाज झाला, जाड गोधडी झटकल्यासारखा. उंबऱ्यातून मला दिसलं ते जमिनीलगत धावणारं निळं पाणीच वाटलं, कडेला हिरवी झाक असलेलं. ते दिव्यापासून सतरंजीपर्यंत गेलं आणि नानाजीच्या धोतरानं पेट घेतला. डॉक्टर किंचाळत बाहेर आले, मुलगा त्यांच्याही आधी. नानाजी धडपडून उठताना त्याचाच पाय घटाला लागला, घट फुटला, दिवा कलंडला. आणि आत गेले ते एकटे बाबा. उंबरा ओलांडून, घटाच्या मातीवरून, त्याला त्याच्याच सतरंजीत गुंडाळून हातांनी बडवत त्यांनी ओढत अंगणात आणलं. मागून जो धूर आला त्यानं नाक-घसा सोलून निघाला. जळताना त्यातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. ते समीकरण मी पुढं फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलं, आणि दर वेळी माझा घसा खवखवला.

नानाजीच्या पोटऱ्यांना फोड आले, तेवढंच. बाबांचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. आणि धूर ओसरल्यावर त्या अंगणात पहिला प्रश्न काय विचारला गेला? "घरात कोन शिरला?" दुसरा माणूस म्हणाला, "आंगाले हात लावला त्यानं, म्या पाह्यलं." नानाजीची बायको घटाच्या खापऱ्यांकडं बघून रडत होती. मी बाबांच्या हातांवर पाणी ओतायला त्यांच्या बादलीकडं गेले, तर तिनंच बादली उचलून आत नेली. डॉक्टर, ज्यांच्या सांगण्यावरून हे झालं, ते जीपजवळ उभे राहून खोकत होते.

संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला. दिवा विझवा असं मी म्हणाले होते आणि दिवा विझला. म्हणजे मीच विझवला. "काळ्या जिभेची हाय थे पोट्टी." कोणाला वाटलं शाप, कोणाला करणी. शिकली-सवरलेली माणसंसुद्धा म्हणत होती की तशी काही करणी नसते म्हणा, पण बोलावं कायले असं अशुभ? मी सांगितलं होतं म्हणून मी दोषी, आणि बाबांनी सांगितलं नव्हतं म्हणून तेही दोषी. मग नानाजीच्या मुलानं निरोप आणला. दसऱ्याला संध्याकाळी देवीच्या देवळासमोर पोरीनं नाक घासायचं, चुकलं म्हणायचं. नाही केलं तर मामाला सांगून कॉलेजातून नाव काढू, आणि कंपाउंडरलाही या गावात ठेवणार नाही. डॉक्टरांनीही वर सल्ला दिला, "मागून टाक म्हणावं माफी. विषय मिटेल."

त्या रात्री आमच्या घरात जसं भांडण झालं तसं त्याआधी आणि नंतर कधी झालं नाही. बाबांचे हात मलम लावून बांधलेले, माय त्यांना घास भरवत होती. ते म्हणाले, "सुमे, घासून टाक. घडीभराचं काम. तुह्यं शिक्षन राह्यलं पाह्यजे."

"माह्यं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं."

"मंग कायले घासू?"

"म्या जलमभर काय केलं मंग?" बाबा एकदम ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "जलमभर काय केलं म्या? दुरून ठेव म्हनलं, दुरून ठेवलं. चूप बस म्हनलं, चूप बसलो. म्हनून तू वाशीमले गेली!"

"चूप बसले म्हनून हात जळले तुमचे! तुमाले मालूम होतं! लाल अक्षरात लिहेल होतं!"

मायनं भरवायचा घास ताटात टाकला. मला वाटलं आता माझ्या थोबाडीत बसणार. पण ती बाबांकडं वळली. "पोट्टी नाक घासनार नाही. कोनाले घासाचंच असंन तं तुमी घासा. फवारा तुमी मारला. आन् नाव काढलं तं काढू द्या, भुईमूग खंदाले जाईन माह्यासंग. पन नाक नाही." एवढं बोलून तिनं तोच घास परत उचलला आणि बाबांच्या तोंडात कोंबला, रागानं. बाबांनी तो चावला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यांची दया आली नाही. खरंच नाही आली. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड करून निजले.

दसरा उजाडला. दसरा म्हणजे आमचाही दीक्षेचा दिवस. मायनं पांढरं लुगडं नेसलं, मला तिची दुसरी पांढरी साडी दिली, दारावर पंचशीलाचा झेंडा लावला आणि पुरणासाठी डाळ शिजत टाकली. या सणाच्या तयारीतही माझं लक्ष सारखं उन्हाकडं जात होतं, कारण संध्याकाळ यायची होती. नाक घासायचं नाही हे मी ठरवलं होतं. पण कॉलेज गेलं तर काय, या प्रश्नाला माझ्याकडं भुईमुगाशिवाय उत्तर नव्हतं. डाळ उतू जात होती आणि दवाखान्याच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीत नानाजी. ते गळू, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, ते तसंच होतं, कोणी चिरलंच नव्हतं. आता ते लिंबाचं कवठ झालेलं, मान वाकडी, अंगात सणसणून ताप. डॉक्टरांनी आता घरी येऊन चिरायला साफ नकार दिला होता, दवाखान्यातच आणा म्हणाले होते, आणि त्यासाठी बाजाराचा दिवस नसतानाही येऊन बसले होते.

नानाजीनं बाकावर बसता बसता विचारलं, "नळी कुठी हाय?"

"सरली," बाबा म्हणाले. "दिव्यानं पेली."

"मंग असंच चिरान काय?"

"असंच."

तो डॉक्टरांकडं, मुलाकडं, सगळीकडं बघून शेवटी दारात उभी असलेल्या माझ्याकडं बघू लागला. "आधी ह्या पोट्टीनं माफी मागाची. मंग काय थे करा."

गाडीमागं आलेली दहा-वीस माणसं ओट्यावर उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. खोकल्याच्या औषधाचे डोस सांगताना असायचा तोच आवाज. "पोरीनं बराबर सांगतलं होतं. दवाई पेट घेते, मले बी मालूम होतं. म्या सांगतलं नाही. काहून सांगतलं नाही, थे तुमाले बी मालूम हाय नानाजी, आन् ह्या सगळ्यायले बी. माफी कोनी मागाची नाही. पालथे व्हा."

पालथा झाला तो. ठणकाच तसा होता. डॉक्टर म्हणाले, डोकं गच्च धरायला कोणीतरी हवं, हलला तर भलतीकडं लागेल. मुलगा पुढं झाला, त्यानं धरलं. चाकू नुसता टेकला, नानाजी ओरडला, पू पाहून मुलाचे डोळे फिरले आणि तो दोन्ही हात सोडून मटकन खाली बसला. ओट्यावरच्या माणसांपैकी कोणी पुढं येईना. बाबांनी आपल्या बांधलेल्या हातांकडं पाहिलं, मग मला हाक मारली, "सुमे, इकडं ये. धर."

"हिले?" नानाजी बाकात तोंड असतानाच म्हणाला.

"नाहीतं राहू द्या," बाबा म्हणाले. "पिकू द्या अजून."

नानाजीनं बाकाची कड धरली. मी गेले. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, एक कानाच्या मागं. केसांना तेल होतं आणि कातडी तापलेल्या तव्यासारखी. डॉक्टरांनी चीर दिली आणि तो असा उसळला की माझे हात सुटतात की काय वाटलं. मी सगळा भार टाकला. त्याचं नाक बाकाच्या फळीवर घासत होतं, पुढं-मागं, पुढं-मागं. मी ते मुद्दाम करत नव्हते. पण थांबवतही नव्हते.

"जोरात धर, सुमे," बाबा माझ्या कानाशी म्हणाले. "दुरून होत नाही हे काम."

झालं सगळं, तेव्हा पट्टीही मलाच बांधावी लागली, बाबांच्या सांगण्यानुसार, मानेवरून काखेखालून घेऊन, घट्ट. नानाजी उठला. चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा. बाबांनी मग त्याला सूचना दिल्या, कुठल्याही पेशंटला देतात तशाच. "पट्टी ओली होऊ द्याची नाही. डोक्शावरून पानी घ्याचं नाही, म्या सांगत नाही तोवर."

तो जागच्या जागी थांबला. आम्ही शिवलो की ती माणसं घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. "आज दसरा हाय," तो म्हणाला.

"हाय ना. आमचा बी हाय."

त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "पाणी लागलं तर विष चढेल. कंपाउंडर सांगतात तसंच करा."

पुढच्या उन्हाळ्यात बाबांची बदली झाली, आसेगावच्या बाजूला. माझं नाव काही कॉलेजातून निघालं नाही. का नाही निघालं, ते मला आजवर कळलेलं नाही आणि मी कोणाचे आभारही मानलेले नाहीत. नानाजीच्या घरचं माणूस त्यानंतर आमच्याशी एक शब्द बोललं नाही, आणि आम्हीही नाही.

पण त्या दसऱ्याला संध्याकाळी सगळं गाव शिवेवरून सोनं लुटून आलं आणि रिवाजाप्रमाणे नानाजीच्या ओट्यासमोर रांग लागली. आमच्या क्वार्टरच्या दारातून तो ओटा दिसायचा. एकेक माणूस आपट्याची पानं त्याच्या हातात देऊन पायांवर डोकं टेकवत होता, आणि तो बिनआंघोळीचा, माझ्या हातची गाठ मानेवर घेऊन, ताठ बसला होता. मान वळवताच येत नव्हती त्याला. माय पुरणाची पोळी तुपात बुडवून बाबांना भरवत दारात उभी राहून बघत होती.

"पाहा बरं," ती म्हणाली, "पोट्टीनं बांधली कशी. रातभर सुटाची नाही."